टिंग, टाँग आणि पोच

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वासंतीबाई होनप दार उघडत नाहीत, अशी कसबा पेठेत एक समजूत आहे. ती खोटी आहे. उघडतात. फक्त कोणासाठी उघडायचं हे त्या खुर्चीत बसूनच ठरवतात. दारातल्या भिंगातून न बघता, 'कोण आहे' असं न विचारता. बेल ऐकतात आणि ठरवतात.

मी त्यांच्या बरोबर खाली राहतो. त्यांची बेल मला त्यांच्याइतकीच स्वच्छ ऐकू येते, आणि त्यानंतर कडी निघाली की नाही हेही. चाळीस वर्षांत याखेरीज मी दुसरा उद्योग केला नाही, असं माझी बायको म्हणायची. म्हणायची खरी, पण वरच्या मजल्याची बातमी रोज पहिल्यांदा तिलाच हवी असायची.

वासंतीबाईंची नोकरी तार ऑफिसातली. एकोणीसशे एकोणसत्तर साली, विसाव्या वर्षी चिकटल्या. तिकडे लांबच्या गावी कोणीतरी किल्ली दाबायचा, इकडे टेबलावरचं यंत्र कडकट्ट करायचं, आणि त्या कडकट्टातून या बाई अक्षरं वेचून कागदावर मांडायच्या. कोणाची आजी गेली, कोणाला मुलगा झाला, कोण सकाळच्या गाडीने येतोय. आता गंमत अशी, की जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं तसा तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा. सोलापूरचा एक जण सगळंच घाईत उरकायचा. नगरचा मच्छिंद्र म्हणून होता, तो प्रत्येक लांब ठोक्यावर जरा रेंगाळायचा. बाईंनी त्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत, पण पहिल्या चार अक्षरांत सांगायच्या, "आज नगरला मच्छिंद्र नाही. दुसरं कोणीतरी बसलंय." एकदा म्हणे त्याच्या हातावरून त्याला ताप आहे हे ओळखलं, आणि तार संपल्यावर त्याला घरी जायला सांगितलं. हे मला कोणी सांगितलं ते विचारू नका. सरुबाईंनी सांगितलं. सरुबाई त्यांच्याकडे सकाळी भांडी घासतात आणि माझ्याकडे त्यानंतर, त्यामुळे बातमी ताजी असते.

तार ऑफिसातली आणखी एक गोष्ट बाईंनी घरी आणली, ती म्हणजे पोच. तार आली की आधी पोच द्यायची. मिळाली, एवढंच. मजकूर आवडला की नाही हा प्रश्नच नाही. त्यामुळे बाईंशी काही बोललं की त्या 'ऐकलं' म्हणतात. 'बरं' म्हणत नाहीत. तुम्ही काहीही सांगा, "ऐकलं." त्यात होकार आहे असं समजून आजवर बरेच लोक फसले.

त्यांच्या दारावरची बेल शहाऐंशी सालची. बसवली हुसेनने. पलीकडच्या गल्लीत हुसेनचं दुकान आहे, दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं एवढं. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता आणि ही त्याने स्वतः बसवलेली पहिली बेल. टिंग-टाँगवाली. आत एक लोखंडी दांडी आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या. बटण दाबलं की दांडी उडून एका पट्टीवर आपटते, टिंग. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ढकलते आणि ती दुसऱ्या पट्टीवर आपटते, टाँग. म्हणजे टिंग दाबल्याचा आणि टाँग सोडल्याचा.

"दाबायला सगळ्यांना येतं, बाई," हुसेन तेव्हाच म्हणाला होता. "सोडायला कोणी शिकवत नाही."

बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, की ही बेल म्हणजे आपली जुनी किल्ली. टिंग आणि टाँग यांच्यामध्ये किती वेळ गेला त्यावरून माणूस कळतो. सरुबाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात म्हणून त्या कोपराने दाबतात. टिंग मऊ आणि टाँग निसटल्यासारखा. पेपरचं बिल मागणारा टिचकी मारतो. हुसेन बोटाच्या सांध्याने दाबतो, एकदाच, नेमका. बाईंचा मुलगा दोनदा वाजवतो. विम्याचे, वर्गणीचे, गुडघ्याला तेल विकणारे यांचा हात बाईंना पहिल्या टिंग-टाँगलाच कळायचा. त्या उठायच्या नाहीत. मग तो माणूस खाली येऊन माझी बेल वाजवायचा आणि मी त्याला बसवून त्याच्या घरची सगळी माहिती काढून घ्यायचो.

आता माझा हात. तो बाईंनी एकदा जिन्यात, सरुबाईंच्या देखत, मला समजावून सांगितला. "तुमचा टिंग होतो, श्यामसुंदर," त्या म्हणाल्या, "आणि मग समोरच्या दारातल्या चपला मोजून झाल्याशिवाय टाँग येत नाही."

हे खरं आहे. बेलवर बोट ठेवलं की माझी मान आपोआप वळते. जिन्यात उभं राहून माणसाने दुसरं बघायचं काय?

तर माझा हात ओळखून बाईंनी एकोणीस वर्षं मला दार उघडलं नव्हतं. कारण क्षुल्लक होतं. त्यांच्याकडे चहा पिताना आतल्या खोलीतून त्यांचा मुलगा फोनवर बोलताना ऐकू आला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं लग्न मी शनिवार पेठेपर्यंत नेलं. वासंतीबाईंना ते दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवालीने सांगितलं. वर पेढे मागितले. मुलाने आईला सांगण्यासाठी रविवार राखून ठेवला होता.

"पोच नाही तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि दार लावलं. तार ऑफिसातली बाई असं म्हणते तेव्हा ते जास्त लागतं.

या मुलाचं नाव बाळ. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, दाढी पिकली आहे, हिंजवडीत त्याच्या हाताखाली साठ माणसं आहेत, आणि तो जिना चढू लागला की अख्खी इमारत म्हणते, बाळ आला. बाविसाव्या मजल्यावर राहतो. तिथे पडदे फोनवर सरकतात म्हणे. आईने तिकडे यावं म्हणून तो दहा वर्षं मागे लागला होता, आणि बाई दहा वर्षं "ऐकलं" म्हणत होत्या.

गेल्या डिसेंबरात त्याने आईसाठी रक्तदाबाच्या गोळ्या मागवल्या. गोळ्यांचा माणूस भर दुपारी आला. बेल वाजली. मी खालून ऐकली. नवखा हात, घाईचा. बाई उठल्या नाहीत. तो माणूस फोनवर 'घरी कोणी नाही' असं नोंदवून निघून गेला. ते हिंजवडीला बाळला दिसलं. त्याने आईला फोन केला. आईचा फोन तांदळाच्या डब्यावर, आवाज बंद. अकरा वेळा केला. मग गाडी काढली आणि दोन तास दहा मिनिटांनी, गाडी नदीकडेला लावून, गल्ल्यांतून पळत आला. मीही काळजीपोटी वर गेलो. दोन पायऱ्या खाली उभा राहिलो.

बाळने दोनदा वाजवलं. दार लगेच उघडलं.

"गाडीने आलास ना?" बाई म्हणाल्या. "मग धापा कसल्या टाकतोस?"

"आई, दुपारी बेल वाजली तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. खुर्चीत."

"मग ऐकू नाही आली?"

"आली की. अनोळखी हात होता."

"तो तुझ्या गोळ्या घेऊन आला होता."

"तसं वाजवायला हवं होतं त्याने."

बाळ चौकटीला टेकला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. मग तो सावकाश बोलला. "आई, प्रॅक्टिकली विचार कर. तू पडली असतीस तरी मला हेच दिसलं असतं. घरी कोणी नाही. मला फरक कसा कळणार?"

शेवटी ठरलं असं, की बाळ बेलला एक यंत्र जोडणार. बेल वाजली की हिंजवडीत त्याला कळणार. दाराच्या चौकटीला एक चुंबक बसवणार, म्हणजे दार उघडलं की तेही कळणार. एक महिना बघायचं. दोन मिनिटांत दार उघडलं नाही असं एकदा जरी झालं, तर बाईंनी घर बंद करून बाविसाव्या मजल्यावर जायचं.

"लेखी दे," बाई म्हणाल्या.

बाळने कॅलेंडरच्या मागे लिहिलं : 'एक महिना. एकही बेल दार न उघडता गेली तर हिंजवडी.' दोघांनी सह्या केल्या. बाईंनी वेळही घातली. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सही केलेली गोष्ट मोडलेली नाही, हे बाळला पक्कं माहीत होतं, आणि मलाही.

रविवारी बाळने काड्यापेटीएवढी पांढरी डबी आणली. तिला रिले म्हणतात. हे काय प्रकरण आहे ते मला हुसेनने नंतर सांगितलं. पूर्वी बटण थेट बेलला बोलायचं. आता बटण डबीला सांगतं, डबी बेलला सांगते, आणि जाता जाता हिंजवडीलाही सांगते. "म्हणजे सरुबाई," मी म्हटलं. हुसेन म्हणाला, "तीच. फक्त ही पगारी रजा घेत नाही."

पण बाळने हुसेनला बोलावलंच नाही. स्वतः इंजिनियर, त्यामुळे स्वतः जोडलं. घरातल्या दिव्यांना अशा डब्या त्याने पुष्कळ लावल्या होत्या, तशीच हीही लावली आणि निघून गेला.

सोमवारी सकाळी सरुबाई आल्या. टिंग.

मी दाढी करत होतो. हात थांबला. टाँग येईना. सरुबाईंनी भांडी घासली, केर काढला, माझ्याकडे येऊन चहा टाकला, तरी टाँग नाही. वर नुसता घुंऽऽ असा आवाज चाललेला. चाळीस वर्षांची सवय. अर्ध्या शिंकेसारखं झालं. शेवटी पेपरचं बिल मागणारा आला. त्याने टिचकी मारली. टाँग. सरुबाईंच्या टिंगचा टाँग पेपरवाल्याने दिला, पाऊण तासाने. तिसरं कोणीतरी आलं तेव्हा पुन्हा टिंग, पुन्हा घुंऽऽ, आणि थोड्या वेळाने भजी जळाल्यासारखा वास जिन्यात उतरला.

मग हुसेनला बोलावणं गेलं. त्याने बेलच्या डबड्यावर पालथा हात ठेवला, जसा आपण पोराच्या कपाळावर ठेवतो, आणि फोनवर बाळला म्हणाला, "बाळासाहेब, तुम्ही हिला दिवा समजलात. दिवा एकदा दाबला की लागतो, परत दाबला की विझतो. बेलला तसं करून कसं चालेल? दांडी तिकडे चिकटून बसली होती. आणखी तासभर गेला असता तर कॉइल गेली असती."

"सॉरी, हुसेनकाका. मग काय करू?"

"दाबलं की लगेच सोडून द्यायला सांगा तिला."

बाळने हिंजवडीतूनच फोनवर काहीतरी फिरवलं. आता बटण कसंही दाबा, डबी बेलला अर्धा सेकंद धरणार आणि सोडणार. टिंग-टाँग. हुसेनने स्वतः दाबून पाहिलं, मग सरुबाईंना दाबायला लावलं. टिंग-टाँग. टिंग-टाँग. सगळे खूश झाले. बाई मात्र खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"परत वाजवा," त्या म्हणाल्या. हुसेनने वाजवलं. "आता सरुबाई." सरुबाईंनी कोपराने वाजवलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "सगळ्यांचा हात एकच झाला," त्या म्हणाल्या.

त्याचा अर्थ त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही. माझ्या आला. मी जिन्यात होतो.

पुढच्या आठ-दहा दिवसांत वासंतीबाईंच्या घरात जेवढी माणसं आली तेवढी त्यांच्या वास्तुशांतीलाही आली नव्हती. कोण आहे ते कळत नाही, आणि कॅलेंडरमागे सही केलेली. दर वेळी उठायचं, दर वेळी दार उघडायचं. भिंगातून बघून माणूस नको असला तरी चुंबकाला दार उघडलेलंच हवं. गुडघ्याच्या तेलवाल्याने तर प्रात्यक्षिक दाखवलं. एक गृहस्थ भलत्याच होनपांचा पत्ता शोधत आले आणि पाणी पिऊन, फोटो बघून गेले. बाळचा आनंद मात्र गगनात मावेना. रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. "आई, आज एकोणीस बेल, एकोणीस रिस्पॉन्स. परफेक्ट डेटा."

"ऐकलं," बाई म्हणायच्या.

आणि मी काय केलं? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मंगळवारी दुपारी चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून वर गेलो, बेल दाबली, आरामात समोरच्या चपला मोजल्या (पाच जोड, एक पाहुण्याचा) आणि बोट उचललं. आत केव्हाच टिंग-टाँग होऊन गेलं होतं. दार उघडलं. एकोणीस वर्षांनी.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, चौकटीवरच्या चुंबकाकडे बघितलं, आणि बाजूला झाल्या.

चहा चांगला होता. साखर कमी. बुधवारी पुन्हा गेलो, गुरुवारीही गेलो. बाई बोलायच्या नाहीत, त्यामुळे दोघांचंही मीच बोलायचो. शुक्रवारी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरी चहाची पावडर मिळत नाही का?" मी म्हटलं, मिळते, पण सोबत मिळत नाही. "ऐकलं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, प्रगती आहे.

बाराव्या दिवशी दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली. बाई एकेक कप कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होत्या. निळ्या रेघेचे कप, सहा. मी एकोणीस वर्षांपूर्वी त्यातूनच प्यालो होतो. चार गुंडाळून झाले होते.

"हे काय?"

"हिंजवडीला जाते."

"का? एकही बेल चुकलेली नाही. बाळच सांगत होता."

"चुकली नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या. "गुडघे गेले माझे उठून उठून. तिथे खाली गेटवर रखवालदार आहे. तुमच्यासारखी माणसं तो बाहेरच ठेवतो." पाचवा कप त्यांनी गुंडाळला. सहावा रोजच्या चहासाठी बाहेरच ठेवला होता. आवाजात रागही नव्हता, आणि तेच मला खटकलं. "इथे निदान कोण आलंय एवढं तरी आपलं आपल्याला कळत होतं. तेच गेलं, तर मग कसबा काय नि हिंजवडी काय."

त्या दिवशी मी चहा न घेता खाली आलो. घरात बसलो. वरून टिंग-टाँग झालं, पावलं वाजली, कडी निघाली, पुन्हा पावलं. पुढच्या महिन्यापासून यातलं काहीच ऐकू येणार नाही, हे डोक्यात आलं आणि बसवेना. उठून हुसेनच्या दुकानात गेलो.

"या," हुसेन म्हणाला. तो एका मिक्सरच्या पोटात डोकं घालून बसला होता. "आज चहा लवकर आटोपला?"

"हुसेन, ती बेल पहिल्यासारखी करता येईल का? डबीसकट?"

"येईल की. बटण दाबलंय तोवर डबीने धरायचं, सोडलं की सोडायचं. बाळासाहेबांनी फोनवर एक खूण बदलली की झालं." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पण मग सगळ्यांचे हात परत ओळखू येतील."

"यावेत म्हणूनच सांगतोय."

"तुमचाही येईल."

"माहीत आहे."

"म्हणजे तुमचा चहा बंद."

"त्या कप गुंडाळतायत, हुसेन."

हुसेनने पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "नुसतं तेवढ्याने भागायचं नाही. हात ओळखला तरी दार उघडावंच लागेल, नाहीतर बाळासाहेब न्यायला येतील. रविवारी ते येतात तेव्हा बघतो."

"बघ. आणि हे मी सांगितलं असं बोलू नकोस कोणाला."

"मी कशाला बोलतोय," हुसेन म्हणाला. "पण मिक्सर सरुबाईंचा आहे. त्या मागे बसल्यात."

दुकानाच्या मागच्या अंधारातून सरुबाईंनी पदर सावरला. "मी काहीच ऐकलं नाही, दादा," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यात एवढं खोटं वाक्य मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, स्वतःच्या सोडून.

रविवारी हुसेन हत्यारांची पिशवी घेऊन वर गेला. बाळ आला होता. मी हुसेनबरोबर स्टूल धरायला गेलो. स्टूल भक्कम होतं, पण कोणीतरी धरलेलं बरं. हुसेनने बाळला खूण बदलायला सांगितली.

"पण का, हुसेनकाका? मस्त चाललंय की. झीरो मिस."

"बाईंना विचारा."

बाई म्हणाल्या, "मला माणूस ओळखू येत नाही, बाळ. आणि ओळखू आला, तर मी प्रत्येकाला दार उघडणार नाही. मग तुझा कागद मोडतो. तेव्हा मी येते तिकडे. खोकं भरलंय."

दहा वर्षं ज्यासाठी मागे लागला ते बाळला मिळालं होतं. त्याने खोक्याकडे पाहिलं, आणि त्याला काही आनंद झालेला दिसला नाही. "आई, मला तुला ओढून न्यायचं नाहीये," तो म्हणाला. "मला फक्त कळायला हवं, की तू आहेस. ठीक आहेस. दॅट्स ऑल."

"म्हणजे काय हवंय तुला? दार की पोच?"

बाळ बघतच राहिला.

"तार पोचली एवढंच सांगायचं असतं," बाई म्हणाल्या. "वाचून मी काय केलं ते विचारायची पद्धत नाही. तुला पोच हवी असेल तर पोच घे. दार कशाला मागतोस?"

मागच्या आळीतून तांबटांची ठोकाठोक तेवढी ऐकू येत होती. मग हुसेन खाकरला. "डबीला दुसरं एक तोंड रिकामं आहे," तो म्हणाला. "बाईंच्या खुर्चीच्या हाताला एक बटण लावतो. बाहेरून बेल झाली, बाईंनी आतून दाबलं, की बाळासाहेबांना जाईल. ऐकलं म्हणून. हवं तर तेच बटण बेलवरही वाजवतो, म्हणजे बाहेर उभा आहे त्यालाही कळेल."

"त्यालाही कळलंच पाहिजे," बाई ताबडतोब म्हणाल्या. "पोच दोन्हीकडे द्यावी."

बाळ हसला. खूप दिवसांनी हसला असावा, कारण दाढीत ते नीट बसेना. त्याने कॅलेंडर उलटं केलं, 'दार न उघडता' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'पोच न देता'. पुन्हा दोघांच्या सह्या झाल्या. बाईंनी पुन्हा वेळ घातली. हुसेनने वायर ओढली, बटण बसवलं, बाळने खूण बदलली, आणि सरुबाईंना बाहेर पाठवून वाजवायला लावलं. मऊ टिंग, निसटता टाँग.

"सरुबाई," वासंतीबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते त्यांचे.

सोमवारी सकाळी बेलच्या खाली पाटी लागली. बाईंचं तार ऑफिसातलं स्वच्छ अक्षर.

'आतून एकदा वाजल्यास : बेल ऐकू आली आहे. दार उघडले जाणार नाही. दोनदा वाजल्यास : थांबावे. पुन्हा बेल दाबू नये.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'समोरच्या चपला मोजू नयेत.'

शेवटची ओळ कोणासाठी आहे असं समोरच्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कल्पना नाही.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मी बेल दाबली. सवयीने मान वळली, सहा जोड, बोट उचललं. आतून एकदा टिंग-टाँग. मी खाली आलो. मंगळवारी एकदा. बुधवारी मी मुद्दाम पेपरवाल्यासारखी टिचकी मारून पाहिली. आतून एकदा वाजलं, आणि मला शपथेवर सांगता येणार नाही, पण त्या टिंग-टाँगमध्ये तुच्छता होती. तरी रोज जात राहिलो. एकोणीस वर्षं ज्या दारातून काहीच आवाज आला नव्हता, तिथून रोज चार वाजता ऐकलं म्हणून उत्तर येत होतं. माणसाने उगाच हावरटपणा का करावा? खोकं मात्र भिंतीशी तसंच होतं, असं सरुबाई सांगत. महिना संपल्याशिवाय बाई ते उघडणार नव्हत्या.

महिना भरला तो गुरुवारी, दुपारी साडेतीनला. वेळ घातलेली होती ना. बाळचा फोन आला तोही मला खालून कळला, कारण बाई "ऐकलं" असं नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाल्या.

चारला मी वर गेलो. बेल दाबली, मान वळली, सात जोड, बोट उचललं.

आतून एकदा वाजलं. मी वळलो. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, तोच पुन्हा टिंग-टाँग.

पाटी मला पाठ होती, तरी परत वर येऊन वाचली. थांबावे. थांबलो. पावलं दाराकडे आली नाहीत, भिंतीकडे गेली. मग आतून कागदाचा आवाज यायला लागला. कोणीतरी सावकाश, घडी न फाडता, वर्तमानपत्र उलगडत होतं. काचेचं नव्हे, चिनी मातीचं काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या कागदाचा.

मी बेलकडे पाठ करून उभा राहिलो, आणि समोरच्या दाराकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत राहिलो. एकंदर पाच वेळा कागद वाजला.